पोलादी तारेवर कोरलेले आवाज

इजिप्तच्या सहलीला गेलेली मराठी मंडळी एक संध्याकाळ गीझासाठी राखून ठेवतात. अंधार पडला की पिरॅमिडवर रंगीत झोत फिरू लागतात, स्फिंक्स धीरगंभीर आवाजात आपल्यासमोरून गेलेल्या राजांची हकीकत सांगतो आणि त्या निवेदनामागून संगीत येत राहतं. हा लाइट अँड साउंड शो १९६१पासून चालू आहे. इतक्या वर्षांत देशोदेशींच्या असंख्य माणसांनी ते संगीत ऐकलं. ते हलीम एल-दाब नावाच्या संगीतकारानं रचलं, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

गीझाचं संगीत ही एल-दाबची सर्वांत जास्त ऐकली गेलेली रचना. त्याचं सर्वांत मोलाचं काम त्याच्याही सतरा वर्षं आधीचं आहे, त्याच कैरो शहरातलं, आणि ते ऐकणारी माणसं त्या वेळी एका खोलीत मावतील एवढीच होती. १९४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, या शेतकी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानं बायकांच्या एका विधीचं ध्वनिमुद्रण केलं, ते नभोवाणीच्या स्टुडिओत नेलं आणि यंत्रांच्या मदतीनं त्यातून असं काही घडवलं, की ते गाणं राहिलं नाही आणि विधीचा पुरावाही राहिला नाही. ध्वनिमुद्रित आवाज हाच कच्चा माल मानून त्यातून संगीत रचायचं, ही इलेक्ट्रॉनिक संगीताची एक मूळ कल्पना. संगीताच्या इतिहासात ती पॅरिसच्या पिअर शेफेरच्या नावावर आहे. शेफेरनं आगगाड्यांच्या आवाजांतून घडवलेली रचना आणि तिच्या सोबतीच्या इतर रचना ५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रेंच नभोवाणीवर ऐकवल्या गेल्या. कैरो त्याच्या चार वर्षं पुढे होतं.

हलीमचा जन्म ४ मार्च १९२१चा, कैरोच्या सकाकिनी भागातला. घर कॉप्टिक ख्रिश्चन, धान्याच्या व्यापारातलं. नऊ भावंडांत तो धाकटा. १९३२ साली कैरोत अरबी संगीताची एक मोठी परिषद भरली. राजा फुआदच्या आश्रयाखाली भरलेल्या या परिषदेला मोरोक्कोपासून इराकपर्यंतचे गायक-वादक आले होते, युरोपातून बेला बार्तोक आणि पॉल हिंडेमिट हे संगीतकार आले होते. अरबी सप्तकात किती स्वरस्थानं मानायची, पियानोला या संगीतात जागा द्यायची की नाही, यावर विद्वानांचे कडाक्याचे वाद झाले. सोबतीला ग्रामोफोन कंपनीची माणसं शेकडो तबकड्या मुद्रित करत होती. अकरा वर्षांचा हलीम मोठ्या भावाचं बोट धरून तिथे गेला होता. पियानो आणि दरबुका हे तालवाद्य, दोन्ही वाजवणाऱ्या या मुलाला त्या वादांतलं कितपत कळलं असेल सांगता येत नाही. पण गाणारा माणूस इथे आणि त्याचा आवाज यंत्रातून तिथे, ही किमया त्यानं कोवळ्या वयात जवळून पाहिली, आणि त्या यंत्राचं कुतूहल त्याला पुढे आयुष्यभर पुरलं.

शिक्षण मात्र शेतीचं. कैरोच्या विद्यापीठातून तो शेतकी अभियांत्रिकीत पदवीधर झाला, पुढे शेतीविषयक सल्लागाराचं काम करू लागला. या कामानं त्याला गावोगाव फिरवलं, आणि गावागावांतलं गाणं-वाजवणं त्याच्या कानावर पडत गेलं.

आता हलीमनं ज्या यंत्रावर तो विधी मुद्रित केला, त्याविषयी. चुंबकीय फीत तेव्हा जर्मनीबाहेर फारशी कुणाला माहीत नव्हती. महायुद्धाच्या काळात ध्वनिमुद्रणासाठी हिंडवता येईल असं साधन म्हणजे वायर रेकॉर्डर. केसासारखी बारीक पोलादी तार एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जाते, मधल्या चुंबकासमोरून जाताना आवाजाच्या चढउतारांप्रमाणे तिच्यावर चुंबकत्वाचे ठसे उमटतात. कल्पना जुनी: डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेननं ती १८९८ सालीच प्रत्यक्षात आणली होती. युद्धानंतर घरोघरी खपलेल्या यंत्रांत तासाभराच्या मुद्रणाला ७,२०० फूट तार लागे. तार चालताना पिळवटते, सैल पडली तर तिचा असा गुंता होतो की तो सोडवण्यापेक्षा कापून टाकणं परवडतं. तुटली तर दोन टोकांची चक्क गाठ मारायची. पुढच्या काळातल्या संगीतकारांनी फीत तिरकी कापून, चिकटपट्टीनं जोडून जी करामत केली, तिला तारेवर वावच नव्हता. काही बदलायचं असेल तर आवाज पुन्हा वाजवायचा, वाटेत त्याच्यावर संस्कार करायचा आणि दुसरीकडे नव्यानं मुद्रित करायचा. हलीमला असा रेकॉर्डर कैरोतल्या मिडल ईस्ट रेडिओ या नभोवाणी केंद्रातून मिळाला. तो घेऊन तो आणि त्याचा एक मित्र बाहेर पडले, ते झार ऐकायला.

झार हा इजिप्त, सुदान, इथिओपिया या पट्ट्यातला बायकांचा विधी. एखादी बाई बरेच दिवस आजारी असते, खिन्न असते, औषधानं उतार पडत नाही. तेव्हा तिला कुणा अदृश्य शक्तीनं धरलं आहे असं मानतात. आपल्याकडे अंगात येणं पाहिलेल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल, पण एक फरक महत्त्वाचा आहे. झारमध्ये त्या शक्तीला हुसकावून लावत नाहीत. तिला काय हवं ते विचारतात, तिचा मान राखतात, तिच्याशी समेट करतात. विधी चालवणारी बाई म्हणजे कोदिया. तिच्या हाताखाली डफ आणि ढोल वाजवणाऱ्या बायका असतात. बकरीच्या खुरांचे पट्टे कमरेला बांधून ते खुळखुळवत नाचणारा माणूसही काही ठिकाणी असतो. प्रत्येक शक्तीचा ठेका वेगळा, तिचं गाणं वेगळं. कोदिया एकेक ठेका धरून पाहते. ज्या ठेक्यावर ती बाई डोलू लागते, तो तिला धरलेल्या शक्तीचा. मग लय वाढत जाते, धूप जळत राहतो, आणि ती बाई थकून कोसळेपर्यंत नाचते. शिकल्यासवरल्या कैरोला झारची लाज वाटे, धर्मपंडितांना तो मान्य नव्हता, आणि तरीही तो चालूच होता. कारण घरात ज्या दुःखाचा उच्चार करता येत नाही, ते चारचौघींत मोठ्यानं मांडायची ती एक जागा होती.

तिथे पुरुषांना मज्जाव. हलीम आणि त्याचा मित्र बायकांसारखी डोकी झाकून आत शिरले आणि त्यांनी तारेवर तो आवाज भरून घेतला. पुढे वर्षानुवर्षं हलीम हा प्रसंग मुलाखतींतून सांगत असे आणि ऐकणाऱ्याला त्यात तरुणपणाचं धाडस दिसत असे. मला त्यात धाडसाबरोबर एक खुपणारी गोष्टही दिसते, तिच्याकडे पुढे येतो.

स्टुडिओत आणलेल्या तारेवर काय होतं? बायकांचा गलका, कोदियाचं गाणं, डफांचा मार. दुसऱ्या कुणी ते लोकसंगीताचा नमुना म्हणून लेबल लावून कपाटात ठेवलं असतं. १९३२च्या परिषदेनं नेमकं तेच केलं होतं. हलीमला त्या आवाजाच्या आत काय आहे ते ऐकायचं होतं. आपल्या तंबोऱ्याची खर्जाची तार लावलेली बैठक ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे लगेच कळेल. तार एकच, षड्जाची, पण जवारी उत्तम लागली की तिच्यातून गंधार ऐकू येतो. तो कुणी वाजवलेला नसतो, म्हणून तर त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कुठल्याही स्वरात मूळ कंपनाबरोबर त्याच्या पटींतली अनेक कंपनं असतात, आणि आवाजाचा पोत त्यांच्यावर ठरतो. हलीमनं स्टुडिओतल्या उपकरणांनी मूळ स्वर काढून टाकले आणि वरचे, एरवी कानामागे राहणारे स्वर तेवढे ठेवले. हे स्वर एकमेकांच्या फार जवळ आले की त्यांची टक्कर होऊन एक थरथर निर्माण होते. ती त्यानं मुद्दाम पुढे आणली. मग सरकत्या भिंती असलेल्या खोलीत तो आवाज वाजवला, भिंती हलवून घुमारा कमीजास्त केला आणि पुन्हा मुद्रित केला. विजेची छिन्नी घेऊन आवाज तासावा, तसं हे काम आहे, अशा अर्थाचं तो पुढे बोलत असे.

त्या मोठ्या रचनेतला जेमतेम दोन मिनिटांचा तुकडा आज ऐकायला मिळतो. ‘वायर रेकॉर्डर पीस’ या नावानं तो २००० साली सीडीवर आला. पहिल्यांदा ऐकताना तो मला वाऱ्याचा आवाज वाटला. दूरवरून येणारी, लांबत जाणारी एक घुमघुम. तिच्यात स्वर आहेत, पण ते कुठे सुरू झाले कळत नाही. हेडफोन लावून पुन्हा ऐकल्यावर त्या घुमघुमीत श्वास जाणवला. ही माणसं आहेत, या बायका आहेत, हे शब्द पूर्ण पुसले गेल्यावरही कळतं. ठेका गेला, पण ठेक्यानं अंगात चढणारी ओढ तशीच राहिली आहे. आज संगणकावर असला परिणाम कुणीही चुटकीसरशी साधेल. तरी हा तुकडा अजून जुना वाटत नाही, कारण हलीमला यंत्राची गंमत दाखवायची नव्हती. त्याला झारमध्ये काहीतरी ऐकू आलं होतं आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला यंत्राखेरीज दुसरा रस्ता नव्हता.

१९४४ सालीच ही रचना कैरोत वायएमसीएच्या इमारतीतल्या एका कलादालनात लोकांना ऐकवली गेली. आणि पुढे काही झालं नाही. नभोवाणीनं त्यासाठी विभाग उघडला नाही, कुणी त्यावर प्रबंध लिहिला नाही, हलीमभोवती शिष्य जमले नाहीत. शेफेरच्या बाबतीत हे सगळं झालं. शेफेर मोठा माणूस होता. त्यानं नुसत्या रचना केल्या नाहीत, त्या विचाराला नाव दिलं, ग्रंथ लिहिले, फ्रेंच नभोवाणीच्या बळावर एक संस्था उभी केली, पुढच्या पिढ्या घडवल्या. त्याचं श्रेय हिरावून घेण्यात काही अर्थ नाही. पण संस्था ज्यांच्या मागे उभ्या राहतात त्यांचीच सुरुवात ही सुरुवात ठरते, हे डोळ्यांआड करून चालणार नाही. शेफेरला १९४४चं कैरो माहीत नव्हतं, हलीमला शेफेर माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. एकच गोष्ट दोन शहरांत दोन वेगळ्या भुकेतून घडली. पॅरिसला ध्वनी त्याच्या उगमापासून तोडायचा होता: आगगाडी विसरा, नुसता आवाज ऐका. कैरोचा तरुण उगमाच्या अधिक आत जाऊ पाहत होता. मला हा फरक ‘पहिला कोण’ या प्रश्नापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

हलीमला शेतीतून बाहेर काढलं ते एका पियानोच्या रचनेनं. १९४९ साली कैरोच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये त्यानं ती वाजवली. पॅलेस्टाइनच्या युद्धाच्या छायेतली ती रचना गाजली. १९५० साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेला गेला. न्यू मेक्सिकोत त्यानं तिथल्या मूळनिवासींचं संगीत ऐकलं, पुढे ॲरन कोपलंडकडे शिकला, दरबुका आणि तंतुवाद्यांसाठी रचना केली. मार्था ग्रॅहॅम या नृत्यदिग्दर्शिकेनं आपल्या पहिल्या पूर्ण संध्याकाळच्या नृत्यनाट्यासाठी, ‘क्लायटेम्नेस्ट्रा’साठी, त्याला बोलावलं. १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये ते रंगमंचावर आलं, नेपथ्य इसामू नोगुची यांचं होतं. ग्रीक शोकांतिकेला इजिप्शियन माणसाचं संगीत, ही निवड ग्रॅहॅमची, आणि ती तिला इतकी मानवली की पुढेही तिनं त्याच्याकडून संगीत करून घेतलं. १९७५च्या ‘लुसिफर’मध्ये त्याच्या संगीतावर रुडॉल्फ नुरेयेव्ह आणि मार्गो फाँटेन नाचले.

१९५९च्या सुमारास तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रिन्सटन इलेक्ट्रॉनिक म्युझिक सेंटरमध्ये काम करू लागला. रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या केंद्रात आरसीएचा अजस्र मार्क टू सिंथेसायझर होता, त्यानं एक अख्खी खोली व्यापली होती. छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्यांतून त्याला सूचना द्याव्या लागत. मिल्टन बॅबिटसारख्या संगीतकाराला या यंत्रात गणिती अचूकता हवी होती, आणि ती त्यानं मिळवलीही. त्याच केंद्रात हलीमनं केलेली ‘लैला अँड द पोएट’ ऐकताना आपण वेगळ्याच जगात असतो. लैला-मजनूची कथा आपल्याला नव्यानं सांगायला नको. इथे लैलेसमोर एक कवी आहे आणि एक वेडा. दोघं तिला आपल्याकडे ओढताहेत. माणसांचे आवाज फितीचा वेग बदलून जाड-बारीक केलेले, त्यांवर प्रतिध्वनी, मधूनच तारवाद्य, मधूनच ढोल. १९६४ साली केंद्राच्या संगीताची जी तबकडी निघाली तिच्यात ही रचना आहे. त्या तबकडीवरचं बाकी काम मी आदरानं ऐकतो. ‘लैला’ पुन्हा पुन्हा लावावीशी वाटते. यंत्रासमोर बसलेल्या माणसानं आपली कथा, आपला ठेका, आपलं वेड दाराबाहेर ठेवायची गरज नाही, हे तिच्यातून कळतं.

पुढचं आयुष्य भराभर सांगतो. १९६२ ते ६४ तो इथिओपियात अदिस अबाबाच्या विद्यापीठात शिकवायला होता. तिथे त्यानं निरनिराळ्या प्रांतांची क्रार, मसिन्को, वाशिंत ही वाद्यं आणि त्यांचे वादक एका व्यासपीठावर आणून ‘ऑर्केस्ट्रा इथिओपिया’ उभा केला. मग वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, आणि १९६९पासून ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात. तो तिथे आल्याला पुरतं वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ४ मे १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध चाललेल्या निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डच्या जवानांनी केंट स्टेटच्या आवारात गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. हलीमनं त्यावर ‘ऑपेरा फ्लाइज’ हा ऑपेरा रचला आणि १९७१ साली त्याच विद्यापीठात तो झाला. निवृत्तीनंतरही तो केंटमध्येच राहिला. नव्वदीपर्यंत वाजवत, शिकवत राहिलेला हा माणूस २ सप्टेंबर २०१७ रोजी, ९६व्या वर्षी गेला.

जगानं त्याला ओळखलं ते उतारवयात. तारेवरचा तुकडा सीडीवर येईपर्यंत छपन्न वर्षं उलटली होती. २००५ साली जोहान्सबर्गला झालेल्या ‘उन्याझी’ या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या महोत्सवात त्याला सन्मानानं बोलावलं गेलं. आफ्रिकेतल्या तरुण संगीतकारांना, आपल्या खंडात या संगीताला साठ वर्षांची परंपरा आहे, हे तो समोर बसल्यावर कळलं. भारतात वेगळं घडलं नाही. १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला, गीता साराभाई आणि इतरांनी त्यावर काम केलं, आणि त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. त्यांतलं निवडक संगीत २०२३ साली लोकांपर्यंत आलं. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांवर सिंथेसायझर आणि ड्रम मशीन वाजवून केलेली तबकडी तेव्हा कुणी उचलली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातले रसिक त्यांना शोधत आले. प्रत्येक वेळी शोधणारा बाहेरचा, आणि प्रत्येक वेळी आपण चकित. आपल्या नभोवाणी केंद्रांच्या, संस्थांच्या, घरांच्या कपाटांत काय आहे ते आपणच उघडून ऐकायला हवं, या भावनेनं हे लिहितो आहे.

आणि आता ती खुपणारी गोष्ट. शेफेरच्या जागी एल-दाबचं नाव लिहिलं की इतिहास दुरुस्त झाला, असं बरेच अभ्यासक मानतात. एका पुरुषाच्या जागी दुसरा पुरुष आला, पॅरिसच्या जागी कैरो आलं, एवढं खरं. पण त्या तारेवर आवाज कुणाचा होता? कोदियाचा, ढोल वाजवणाऱ्या बायकांचा, आणि कदाचित त्या दिवशी जिच्यासाठी हे सगळं मांडलं होतं त्या बाईचा. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांतल्या एकीचंही नाव कुठल्या सीडीवर नाही. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ठेक्यांची विद्या, कुठला ठेका कुणाला हलवतो याची जाण, हाही एक ध्वनिशास्त्राचा अभ्यासच होता, आणि हलीमला जे ऐकू आलं ते त्या विद्येनं आधी घडवून ठेवलं होतं. हलीमचं थोरपण यानं कमी होत नाही. शिकल्यासवरल्यांनी नाक मुरडलेल्या विधीत त्याला संगीताचं भविष्य ऐकू आलं, ही त्याचीच श्रवणशक्ती. पण त्याची आठवण काढायची तर त्या बायकांना वगळून काढणं मला अप्रामाणिक वाटतं.

झार आज कैरोत क्षीण झाला आहे, संपलेला नाही. ‘मझाहेर’ नावाचा एक संच तो जाहीर कार्यक्रमांतून सादर करतो. कैरोतल्या ‘मकान’ या छोट्या सांस्कृतिक केंद्रात त्यांचे कार्यक्रम होत आले आहेत आणि त्यांची ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. संच बायकांचा आहे, पुरुष साथीला. उम्म समेह, उम्म हसन, नूर अल-सबाह ही त्यांतल्या गायिकांची नावं. ‘वायर रेकॉर्डर पीस’ ज्यांना ऐकायची आहे त्यांनी आधी मझाहेर ऐकावं, चांगलं अर्धा तास, ठेका अंगात भिनेपर्यंत. मग ती दोन मिनिटं लावावीत. हलीमनं काय काढून टाकलं आणि काय ठेवलं ते तेव्हाच नीट ऐकू येतं.